रस्त्याची डावी बाजू

‘चेहरा दिसत नाही,’ असं मोबाईलमधली बाई म्हणाली तेव्हा मी दाराआड उभी होते. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि उजव्या पायाचा अंगठा फरशीवर. कुणाचा चेहरा म्हणतेय ही, असं मला क्षणभर वाटलं. ती परत म्हणाली, ‘चेहरा दिसत नाही,’ अगदी शुद्ध, शाळेतल्या बाईंसारखी, जराही न रागावता. मग टुंग करून आवाज झाला आणि सगळं गप्प. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, चेहरा माझा! माजघरात लोणच्याच्या स्टीलच्या डब्याला टेकवून मोबाईल ठेवला होता, त्याच्यासमोर पाट, आणि त्या पाटावर मी असायला पाहिजे होते. लर्निंग लायसनची परीक्षा चालू होती, घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. माझे सात झाले होते, सातही बरोबर, आणि आठवा तर मला झोपेतसुद्धा आला असता. लाल गोलात भोंगा आणि त्यावर तिरपी रेघ, म्हणजे हॉर्न वाजवायला मनाई. बोट उचललं होतं मी. आणि दारात आप्पा खोकले.

आप्पा म्हणजे माझे सासरे, शिवमूर्तीआप्पा. ब्याऐंशीचे आहेत, पण आवाज अजून खणखणीत. त्यांचा खोकला हा काही आजार नाही. घरात लेकीसुना असतात, म्हणून घरातल्या मोठ्या माणसानं उंबऱ्याबाहेर थांबायचं, एकदा खोकायचं, मग आत यायचं, ही त्यांची रीत. आणि तो खोकला कानावर पडला की असेल तिथून उठायचं, पदर डोक्यावर घ्यायचा, बाजूला व्हायचं, ही माझी. अठ्ठावीस वर्षं झाली या घरात येऊन. कणीक मळताना उठलेय, भरल्या ताटावरून उठलेय, शिवानी अंगावर पीत होती तेव्हा तिला तशीच छातीशी धरून उठलेय. पण त्या उठण्याकडं आजवर मी कधी पाहिलंच नव्हतं. आज मोबाईलनं पाहिलं. मला आप्पांचा राग आला नाही, खरं सांगते. राग आला माझ्या पायांचा. मेल्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. मी आपली आठव्या प्रश्नावर, आणि पाय निघाले दाराआड, वेळ झाली की म्हैस गोठ्याकडं निघते तसे. मग त्या वेळी मी नेमकी कुठं होते, पाटावर की दाराआड? कॅमेऱ्याला काय दिसलं असेल? रिकामा पाट, मागची निळी भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर. आप्पा आत आले, तांब्यातलं पाणी प्याले, मोबाईलकडं बघून म्हणाले, ‘कोण बोलायलं गं, माय?’ मी म्हटलं, ‘कुणी न्हाई, आप्पा.’ ते चष्मा पुसत परत ओट्यावर जाऊन बसले.

आता तुम्ही म्हणाल, एकोणपन्नासाव्या वर्षी या महानंदाला लायसन कशाला सुचलं? ते आमच्या शिवानीच्या स्कुटीपायी. लेक नोकरीला पुण्याला गेली आणि तिची गुलाबी स्कुटी ओसरीत राहिली, जुन्या चादरीखाली. उंदरांनी एकदा तिची वायर कुरतडली. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिवप्रकाशांचं, सोनपेठच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. यांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं, ‘माणिकराव गाडी न्यायला तयार हायत. सुनेला पाहिजे म्हणं त्यांच्या. अमावास्येनंतरच्या बाजाराला येतील.’ घास माझ्या हातात तसाच राहिला. मी म्हटलं, ‘कामून? मी चालवते की.’ कुठून आलं तोंडात, देव जाणे. हे हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. म्हणाले, ‘लायसन हाय का तुझ्याकडं?’ मी म्हटलं, ‘काढते.’ ‘काढ बरं! बाजाराच्या आधी माझ्या हातावर लायसन ठेवलंस तर गाडी तुझी. न्हाई ठेवलंस तर माणिकरावाची. मग तकरार करायची न्हाई.’ यांना वाटलं, गंमत आहे, दोन दिवसांत विसरेल. आप्पा मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. तीन आठवडे होते माझ्या हातात.

खरं कारण मी यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत ठसका लागला असता. खरं कारण असं की मी रस्ता पाहिलेला नाही. अठ्ठावीस वर्षं यांच्या मागं बसले, आधी ती काळी गाडी होती, मग लाल, आता ही करडी. पण साडी नेसलेल्या बाईनं बसायचं म्हणजे एका अंगावर, दोन्ही पाय डावीकडं सोडून. समोर यांची पाठ. शर्ट बदलले, पाठ तीच. त्यामुळं माझ्या वाट्याला आली ती रस्त्याची फक्त डावी बाजू. सोनपेठहून गंगाखेडकडं जाताना माझ्या बाजूला लिंबाची रांग येते, मग वीटभट्टी, मग कापसाचं रान, आणि पुढं एक जुनी दगडी विहीर, तिच्यावर उंबर वाकलेला. परत येताना माझ्या बाजूला आधी हिरव्या झेंड्याचा एक इवलासा दर्गा, त्याच्या पायरीशी पाण्याचा रांजण, मग ऊस, मग शाळेची लांबच लांब भिंत. जाताना विहीर, येताना दर्गा. माझ्या मनात हे दोन वेगळेच रस्ते होते, एक जायचा आणि एक यायचा. यायचा रस्ता जास्त छान आहे, असंही मी एकदा यांना म्हणाले होते. हे म्हणाले, ‘अगं, एकच हाय तो!’ एकच आहे हे मलाही कळतं, दहावी झालेली बाई आहे मी. पण कळणं निराळं आणि दिसणं निराळं. अंगावर येणारा रस्ता, लांबवर सुतासारखा बारीक आणि जवळ येता येता रुंद होत जाणारा, तो मी शेवटचा पाहिला राणीसावरगावला, माहेरी, बाराव्या वर्षी, दादाच्या सायकलवरून. सीटवर पाय पुरायचे नाहीत, मधल्या नळीखालून पाय घालून अर्धं अर्धं पायडल मारायची. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी यायचं आणि मी मोठमोठ्यानं गाणी म्हणायची, सगळी चुकीची. मग एक दिवस आमची आई, सिद्धम्मा, दारात उभी राहून म्हणाली, ‘बास झालं आता. मोठी झालीस.’ कुणी रागावलं नाही की कुणी हात उगारला नाही. नुसती सायकल भिंतीला लावली. भिंतीवर हँडलचा एक काळा डाग पडला होता, तो मी पुष्कळ दिवस बघत असे.

क्लास शिवानीनं शोधून दिला. परभणीचं एक ड्रायव्हिंग स्कूल, पण जायचं कुठंच नाही, रोज दुपारी तीन वाजता मोबाईल उघडून बसायचं. ज्यांनी उभ्या जन्मात लायसन काढलं नाही अशा मोठ्या माणसांचा वर्ग. अकरा जण होतो, अकरा चौकोनांत. महारुद्र सर शिकवायचे, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, बोलताना हवेत स्टिअरिंग फिरवायचे. पहिले दोन दिवस मी मोबाईल चटईवर उताणा ठेवला होता, तेव्हा सर म्हणाले, ‘ताई, तुमचा पंखा फार छान आहे, पण तुम्ही कुठाय?’ मेले सगळे हसले. तिसऱ्या दिवसापासून मी तो लोणच्याच्या डब्याला टेकवायला लागले. माझ्या खालच्या चौकोनात पेडगावचे बन्सीधरकाका असायचे, शेतातल्या झाडाखाली बसून. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, लायसन नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, ‘सर, मी शिकायला न्हाई आलो. कागद न्यायला आलोय.’ कधीकधी त्यांच्या खांद्यावरून बैल डोकवायचा. एकदा सरांनी विचारलं, ‘चौकात चारी बाजूंनी गाड्या आल्या. सिग्नल नाही, पोलीस नाही. आधी कुणी जायचं?’ बन्सीधरकाका म्हणाले, ‘ज्याला घाई हाय त्यानं.’ सर म्हणाले, ‘घाई सगळ्यांनाच असते, काका.’ काकांनी विचार केला. ‘मग ज्याच्या गाडीत पाव्हणे हायत त्यानं.’ मी इतकी हसले की आवाज बंद करायला विसरले आणि दहा घरांत माझं हसणं ऐकू गेलं. सर म्हणाले, उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, आपण थांबायचं. मी वहीत लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. आमच्या घरातला चौक म्हणजे माजघराचं दार. तिथं मी अठ्ठावीस वर्षं थांबलेय आणि माझ्या उजवीकडून कुणी ना कुणी येतच आलंय. आप्पा येतात, हे येतात, भिक्षेला स्वामी येतात, यांचा डबा न्यायला दुकानातला गडी येतो. कुणी वाईट नाही त्यातलं. पण माझा नंबर लागायचा कधी, हे काही सरांनी सांगितलं नाही.

तरी ते दिवस कसे मजेत गेले म्हणून सांगू! किती वर्षांनी मी काहीतरी पाठ करत होते. भाकरी थापताना तोंडानं चालू असायचं, लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढं धोका, लाल गोल म्हणजे मनाई, निळा गोल म्हणजे असंच करा. पुढे अरुंद पूल, पुढे निसरडा रस्ता, पुढे गतिरोधक. हळूहळू मला घरात सगळीकडं पाट्या दिसायला लागल्या. हे दुकानातून कपाळाला आठी घालून आले की मी मनात म्हणायची, ‘पुढे धोक्याचं वळण.’ शेजारीण गप्पा मारायला आली की ‘थांबण्यास मनाई.’ एकटीच हसायची. हे विचारायचे, ‘काय झालं गं?’ मी म्हणायची, ‘काही न्हाई. गतिरोधक.’ बायको बिघडली असं यांना वाटलं असणार.

आणि असं सगळं असताना, बाजार दोन दिवसांवर आलेला असताना, सातपैकी सात बरोबर असताना, मी उठले. शिवानीनं फोनवर कपाळ बडवून घेतलं, ते मला ऐकूही आलं. ‘आई, परीक्षेत हलायचं नसतं गं! आणि मागं दुसरा चेहरा दिसला तरी बंद पडते. उद्या परत देता येईल, मी भरते फॉर्म. पण आजोबांना सांग ना, अर्धा तास आत येऊ नका म्हणून.’ पुण्याला गेल्यापासून ही पोरगी फार सोपं सोपं बोलते. आप्पांना सांगायचं, आत येऊ नका? त्यांच्या घरात, त्यांना? संध्याकाळी हे आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हंजे आप्पांनी सिग्नल दिला आणि तू थांबलीस. नियमानं बरोबरच हाय की!’ मी हातातली कोथिंबिरीची जुडी यांच्या अंगावर टाकली. मग जुडी परत देताना हे जरा हळू आवाजात म्हणाले, ‘मी सांगू का आप्पांना?’ यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं मला. मी हो म्हणणारच होते. पण ओठावर आलं, ‘न्हाई.’ यांनी सांगितलं असतं तर काम झालं असतं, पण बाप-लेक ओट्यावर बोलले असते आणि मी दाराआडच राहिले असते. तसं पास होऊन गाडी मिळाली असती, पण ती चालवायला बसलं कोण असतं?

दिवे लागायच्या वेळेला मी ओट्यावर गेले. पदर डोक्यावर होताच. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आम्ही लिंगायत रोज तळहातावर घेऊन पुजतो ते. या माणसाला दुखवायचं माझ्या जिवावर आलं होतं. शिवानी झाली तेव्हा नात झाली म्हणून आप्पांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले होते, मुलगी झाल्यावर कोण वाटतं पेढे? अठ्ठावीस वर्षांत मला एकदाही ‘अगं’ सोडून ‘ए’ केलं नाही. तरी म्हटलं, ‘आप्पा, उद्या दुपारी अर्धा तास तुमी माजघरात येऊ नका.’ म्हणून झालं आणि माझ्याच कानांना ते खरं वाटेना. आप्पांनी चष्मा काढला. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत मी उभी होते. मग ते म्हणाले, ‘माझ्या खोकल्यानं नापास झालीस व्हय?’ ‘खोकल्यानं न्हाई, आप्पा. मी उठले म्हणून.’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. ‘खरं सांगू का, माय? मला खोकला येतच न्हाई. माझ्या बापानं सांगितलं, सून आली घरात, आता दारात खोकत जा. तवापासून खोकायलोय. पाणी पाहिजे, खोका. चष्मा इसरला, परत खोका. घसा नाहक खरखर करायलाय. मला काय कंटाळा येत नसंल का?’ मी तोंडावर पदर धरला, पण हसू कुठलं थांबतंय. आप्पाही हसायला लागले. आम्ही दोघं अठ्ठावीस वर्षं एकमेकांचा मान राखत एकमेकांना हैराण करत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं समोरच्याला ते पाहिजे आहे.

हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘नजर कुठं ठेवतीस?’ मी म्हटलं, मोबाईलवर, डब्याला टेकवते. ‘तिथं चूक हाय. डब्यावर नजर ठरत न्हाई. हातावर घे. सकाळी डाव्या हातावर लिंग घेऊन बसतीस का न्हाई? तसं. मग बाजूला आभाळ पडू दे, मान हलायची न्हाई.’ मी दचकले. ‘आप्पा, लिंग कुठं आणि मोबाईल कुठं!’ ‘लिंग ते लिंग, मोबाईल तो मोबाईल,’ ते म्हणाले. ‘मी नजरेचं सांगायलोय. नजर एकच असती.’ माझ्या डोळ्यांसमोर लहानपणची सकाळ आली. आईनं माझा तळहात धरून त्यावर लिंग ठेवलं होतं आणि म्हणाली होती, बघत राहा, डोळे थकले तरी बघत राहा. सात वर्षांची होते. बाहेर पोरी खेळत होत्या, माझं नाव घेऊन हाका मारत होत्या, आणि मी हलले नव्हते. म्हणजे न उठणंही मला येत होतं की! तेही माझ्या अंगातलंच होतं, कुठंतरी खाली पडून राहिलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटावर बसले, डाव्या तळहातावर मोबाईल, कोपर गुडघ्यावर टेकलेलं. पदर खांद्यावरच ठेवला, कारण सावली पडली तर परत चेहरा दिसायचा नाही. आप्पा ओट्यावर, तोंडात खडीसाखरेचा खडा, खोकला येऊच नये म्हणून. पहिला प्रश्न आला, दुसरा आला, पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात माझं तोंड दिसत होतं, एवढं गंभीर की ओळखूच येईना. सहावा झाला, सातवा झाला. आणि आठव्याला माझ्या नाकात वास शिरला. दूध! मेलं दूध गॅसवर ठेवून आले होते मी. आधी वास, मग ती सुर्रऽऽ करत वर येण्याची चाहूल. कुठल्याही बाईला विचारा, दूध उतू जाताना बसून राहायचं म्हणजे काय ते. पाय उठले. खरंच उठले, टाचा पाटावरून सुटल्या. मी तळहातावरच्या उजेडाकडं बघत राहिले आणि पायांना मनातल्या मनात म्हटलं, बसा. मी सांगतेय, बसा. आणि काय नवल, बसले. नववा प्रश्न. दूध उतू गेलं, गॅसवर पडलं, करपायला लागलं. आणि तेवढ्यात माझ्या छोट्या चौकोनात, माझ्या खांद्यामागं, काहीतरी पांढरं हललं. धोतर! आप्पा न खोकता आत आले होते. दुसरा चेहरा दिसला तर परीक्षा बंद, हे त्यांना मीच सांगितलं होतं, म्हणून ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस कंबरेत वाकून, जवळजवळ रांगत, भिंतीकडेनं स्वयंपाकघराकडं निघाला होता. चौकोनात नुसतं पाठीचं पांढरं टेकाड सरकत गेलं. माझ्या पोटातून हसू उसळून आलं. जिभेचं टोक दातात धरलं, डोळ्यांत पाणी आलं, पण मान नाही हलू दिली. गॅस बंद झाल्याचा टक् आवाज आला. उभ्या आयुष्यात त्या माणसानं गॅसच्या बटणाला हात लावला नव्हता. डोक्यावर पदर नसलेली मी आणि न खोकता आत आलेले आप्पा, आणि कुणावर आभाळ कोसळलं नाही. पंधरावा प्रश्न झाला. मग तीच बाई, तशीच शुद्ध, म्हणाली, ‘अभिनंदन.’ चौदा बरोबर. एक चुकला तो कुठला ते सांगायला नकोच, दुधाच्या वेळचा. मी ओरडले, ‘आप्पा! झाले!’ आणि स्वयंपाकघरातून खोकल्याची जी उबळ आली, खरीखुरी, खडीसाखर नरड्यात अडकल्याची, की मीच पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

कागद छापून आणला आणि यांच्या दुकानात जाऊन यांच्या हातावर ठेवला. यांनी तो वाचला, उलटा करून मागूनही पाहिला, मागं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजारात माणिकराव आले, चहा प्याले, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, ‘मग माझ्या सुनेला बी त्या क्लासला घालतो. गाडी मागून बघू.’ त्या संध्याकाळी मी स्कुटीवरची चादर काढली, तर साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाजवळ जी स्टीलची जाळी असते तिच्या पट्टीवर काहीतरी चमकलं. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं यांचं मशीन आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक पातेल्यावर, प्रत्येक तांब्यावर आप्पांचं नाही तर यांचं नाव आहे. पट्टीवर बारीक ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं, महानंदा. पुढं मागं काही नाही. मी त्यावरून बोट फिरवलं आणि आत जाऊन चहात दोनदा साखर घातली.

पंधरा दिवस बाजार समितीच्या आवारात गोल गोल फिरले. सायकलचं अंग विसरत नाही म्हणतात ते खरं आहे. मग एक दिवस सकाळी रस्त्यावर जायचं ठरलं. पुढं-मागं लाल ‘एल’ चिकटवला, आणि शिकणाऱ्याच्या मागं लायसनवाला माणूस बसायचा असतो म्हणून हे मागं बसले. आप्पा ओट्यावर उभे होते. मी सवयीनं पदर घ्यायला हात वर नेला, तो हेल्मेटवर टकदिशी आपटला. आप्पा म्हणाले, ‘झाकलंय की डोकं. जा आता.’ शेवटचं घर मागं पडलं. हे मागून हालचाल करायला लागले, कधी या खांद्यावरून डोकव, कधी त्या. शेवटी वैतागून म्हणाले, ‘अगं, मला समोरचं काईच दिसंना. नुसतं तुझं हेल्मेट दिसायलंय.’ मी म्हटलं, ‘डावीकडं बघा. लय छान असतं.’ हे काहीतरी पुटपुटले, वाऱ्यात ऐकू आलं नाही. माझ्यासमोर रस्ता होता. लांबवर सुतासारखा, जवळ येता येता रुंद, आणि माझ्याच अंगावर येणारा. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं. लिंबाची रांग आली आणि तिच्यासमोर शाळेची भिंत. वीटभट्टी आली. आणि मग वळण संपलं आणि डावीकडं उंबर वाकलेली विहीर आणि उजवीकडं हिरव्या झेंड्याचा दर्गा, दोघं एका दमात, समोरासमोर! ‘अहो,’ मी ओरडले, ‘विहीर आणि दर्गा समोरासमोर हायत!’ ‘मग?’ हे म्हणाले. ‘कधीचेच हायत.’ दर्ग्याच्या रांजणातलं पाणी प्यायला विहिरीकडून माणसं रस्ता ओलांडून जात असतील की विहिरीचंच पाणी त्या रांजणात भरत असतील, हे मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. रस्ता मोकळा होता, समोर चिटपाखरू नव्हतं, आणि विनाकारण हॉर्न वाजवू नये हे मला पाठ आहे. तरी आप्पा उंबऱ्याबाहेर थांबून खोकायचे ना, तसा मी एकदा हॉर्न वाजवला आणि विहीर-दर्ग्याच्या मधून आत गेले.